विश्लेषण : निजामशहाच्या नगरातील पोर्तुगीज वैद्य आजच्या कर्करुग्णाला काय शिकवतो?

कर्करोगाचे निदान झाले की घरात दोन प्रकारची औषधे येऊ लागतात. काही रुग्णालयाच्या कागदावर लिहिलेली असतात, तर काही कुठल्याच कागदावर नसतात. मामांनी सुचवलेला काढा, शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या भस्माच्या पुड्या, दुकानातून घेतलेल्या हळदीच्या कॅप्सूल. दोन्ही एकत्र घेतली तर चालतात का, हा प्रश्न घरात रोज चर्चेला येतो, पण डॉक्टरांसमोर मात्र तो क्वचितच विचारला जातो. दोन वैद्यकपद्धती एकाच रुग्णाच्या उशाशी येण्याची ही वेळ पहिली नाही. पावणेपाचशे वर्षांपूर्वी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, दरबारात येणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने आपले सगळे आयुष्य याच प्रश्नात घालवले. त्याच्या कामाची पद्धत आजही उपयोगी पडावी अशी आहे.

गार्सिया द ओर्ता कोण होता?

ओर्ताचा जन्म साधारण १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द विद या सीमेवरच्या गावी झाला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा अनेक कुटुंबे शेजारच्या पोर्तुगालमध्ये आली. पाचच वर्षांत तिथेही सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. अशा कुटुंबांना नवख्रिस्ती म्हटले जाई आणि त्यांच्यावर कायम संशयाची नजर असे.

ओर्ताने स्पेनमधील सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत वैद्यक शिकून घेतले. १५२३ च्या सुमारास तो गावी परतला, काही काळ तिथे वैद्यकी केली आणि पुढे लिस्बनला गेला. तिथल्या विद्यापीठात तो शिकवूही लागला. त्या काळातले युरोपीय वैद्यक म्हणजे मुख्यतः ग्रीक वैद्य गॅलन आणि अरबी-फारसी वैद्यकातला इब्न सिना यांच्या ग्रंथांचे पठण. ग्रंथात एखाद्या वनस्पतीचा गुण लिहिलेला असेल तर तो खरा मानायचा. ती वनस्पती डोळ्यांनी पाहिलेली असण्याची गरज नसे.

१५३४ मध्ये मार्तिम अफोंसो द सौझा या दर्यासेनापतीचा वैद्य म्हणून ओर्ता जहाजावर चढला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोव्याला उतरला. पहिली काही वर्षे सौझाच्या मोहिमांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आणि काठेवाडात फिरण्यात गेली. सौझा मायदेशी परतला, तेव्हा ओर्ता मात्र गोव्यातच राहिला. पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांचा वैद्य म्हणून त्याचे नाव झाले. औषधी द्रव्यांचा तो व्यापारही करी. उरलेले आयुष्य त्याने भारतातच काढले.

नगरच्या दरबारात तो कसा पोहोचला?

मलिक अहमदने १४९० च्या दशकात वसवलेले अहमदनगर तेव्हा जेमतेम दोन पिढ्यांचे शहर होते. आज आपण पाहतो तो भुईकोट किल्ल्याचा दगडी तट पुढे हुसेन निजामशहाच्या काळात उभा राहिला. ओर्ता येत असे तेव्हा गादीवर मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा होता. तो लहानपणीच सुलतान झाला आणि १५५३ पर्यंत त्याने राज्य केले.

निजामशाहीचे मोठे बंदर चौल. तिथे बुऱ्हाणशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये आपले ठाणे उभारले होते. कधी तह, कधी कुरबूर असे हे संबंध चालत. अशा वेळी गोव्याचा एक नामांकित वैद्य सुलतानावर उपचार करायला घाट चढून येणे हे वैद्यकीय काम होते, तसेच राजकीयही. ओर्ता नगरला अनेकदा आला. सुलतानाने त्याला भरघोस मोबदला दिला आणि दरवर्षी काही महिने आपल्याकडे राहावे म्हणून मोठे उत्पन्नही देऊ केले. ते ओर्ताने स्वीकारले नाही. तरी दोघांची मैत्री टिकली. आपल्या ग्रंथात तो या सुलतानाचा उल्लेख पुन्हा पुन्हा आणि आपुलकीने करतो.

ओर्ताच्या दृष्टीने नगरचे खरे महत्त्व तिथल्या वैद्यांमध्ये होते. दरबारात अरबी आणि फारसी परंपरेचे हकीम होते, दख्खनी हिंदू वैद्यही होते. एकाच आजारावर तिन्हीकडची मते तिथे ऐकायला मिळत. इब्न सिनाचा ग्रंथ ओर्ताने लॅटिन भाषांतरातून वाचला होता. इथे तो मूळ अरबी जाणणाऱ्यांकडून ऐकायला मिळाला. अनेक द्रव्यांच्या बाबतीत लॅटिन भाषांतरात गोंधळ झाला असल्याचे त्याच्या लक्षात आले. रोगांची आणि औषधांची नावे तो अरबीतून शिकला आणि लॅटिन नावे त्याने सुलतानाला सांगितली.

दोन पद्धती एकत्र वापरताना तो काय करीत असे?

ओर्ताची रीत सरळ होती. रुग्ण आला की तो आधी आपल्या शिकलेल्या युरोपीय वैद्यकाने उपचार करी. त्याने गुण येत नाही असे दिसले की इथल्या वैद्यांचा उपाय करून पाही. गोव्यात पोर्तुगीज सैनिकांना जुलाब आणि आव यांनी फार छळले होते. मलबारातील वैद्य एका झाडाच्या सालीने आणि मुळाने त्यावर उपचार करीत. आपल्या औषधाने बरे न झालेले रुग्ण त्यांच्याकडे जाऊन बरे झाले, हे ओर्ताने मोकळेपणाने मान्य केले आणि ते औषध स्वतःही वापरले.

पटकीच्या साथीचे त्याने केलेले वर्णन आशियाई पटकीचे युरोपीय वैद्याने लिहिलेले पहिले तपशीलवार वर्णन मानले जाते. त्यातही इथले वैद्य रुग्णाला मिरे आणि जिरे घातलेली भाताची पेज देतात, अशी नोंद त्याने केली आहे. शरीरातले पाणी झपाट्याने कमी करणाऱ्या आजारात पेज का उपयोगी पडते, हे आज कुणालाही समजेल.

याचा अर्थ त्याने इथले सगळेच डोक्यावर घेतले असा नव्हे. इथल्या वैद्यांना शरीररचनेचे ज्ञान फारसे नाही, ते परंपरेने आणि अनुभवाने औषध देतात, अशी टीकाही त्याने केली. पण आपल्या परंपरेवरची त्याची टीकाही तितकीच धीट होती. युरोपातल्या विद्यापीठात असतो तर गॅलनविरुद्ध बोलायची आपली हिंमत झाली नसती, अशी कबुली तो देतो. त्याच्यासाठी औषध कोणत्या देशाचे, कोणत्या धर्माच्या माणसाचे, हा निकष नव्हता. ते नेमके काय आहे, ते कुठून आले आणि त्याने गुण येतो का, हे तीन प्रश्न त्याला महत्त्वाचे वाटत.

त्याने कोणता ग्रंथ लिहिला?

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात ओर्ताचा ग्रंथ छापून बाहेर पडला. भारतातील औषधी द्रव्ये आणि वनस्पती यांवरील संवाद असा त्याचा विषय. गोव्यात छपाईयंत्र येऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. त्यामुळे भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. पोर्तुगीज महाकवी कामोइश याची छापलेली पहिली कविताही याच पुस्तकात आहे. छपाईच्या चुका मात्र त्यात भरपूर होत्या.

विद्वानांची भाषा लॅटिन असताना ओर्ताने तो पोर्तुगीजमध्ये लिहिला आणि प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात मांडला. स्पेनहून नुकताच आलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य ग्रंथांचे दाखले देऊन प्रश्न विचारतो आणि ओर्ता प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टी सांगून उत्तरे देतो. मधूनच घरातली दासी अंतोनिया एखादे फळ किंवा मूळ आणून दाखवते. एका संवादात मालुपा नावाचा इथला हिंदू वैद्यही चर्चेत भाग घेतो. असे पन्नासहून अधिक संवाद आहेत. कोरफड, वेलची, लवंग, दालचिनी, आले, चंदन, कापूर, कडुनिंब, भांग, अफू, धोतरा, सुपारी, विड्याचे पान यांच्यासह आंबा आणि फणसही त्यात आहेत. हळदीला तो भारतीय केशर म्हणून ओळखतो आणि तिची वेगवेगळ्या भाषांतली नावे देतो.

प्रत्येक द्रव्यासाठी अरबी, फारसी, दख्खनी, गुजराती, मलबारी अशी नावे गोळा करण्याचा त्याचा खटाटोप कंटाळवाणा वाटू शकतो. पण त्यामागे कारण होते. नाव चुकले की औषध चुकते आणि औषध चुकले की रुग्ण दगावतो. दूरच्या प्रवासात जुनाट झालेला माल, एका मुळाच्या नावाखाली विकले जाणारे दुसरेच मूळ, व्यापाऱ्यांनी केलेली भेसळ, यांबद्दल तो सावध करतो. धोतऱ्याने चोर लोकांना कसे बेशुद्ध करतात आणि अफूची सवय माणसाला कशी जखडते, हेही तो लिहितो. वनस्पती आहे म्हणजे ती निरुपद्रवी आहे, असा भ्रम त्याच्या पुस्तकात कुठेच नाही.

त्या काळी गाठीच्या आजाराबद्दल काय माहीत होते?

ओर्ताचा ग्रंथ कर्करोगावरचा नाही. पण त्याच्या भोवतीच्या तिन्ही परंपरांना हा आजार ठाऊक होता. ग्रीकांनी भोवती शिरा पसरलेल्या गाठीला खेकड्याचे नाव दिले. कर्करोग हा आपला शब्दही त्याच कल्पनेतला आहे. शरीरात काळे पित्त साचल्याने ती होते, असे गॅलनचे मत होते आणि अरबी वैद्यकानेही ते स्वीकारले होते. सुश्रुतसंहितेत ग्रंथी आणि अर्बुद यांची वर्णने आहेत. मुळासकट काढले नाही तर अर्बुद पुन्हा वाढते, हेही त्यात नोंदले आहे. खोलवर गेलेल्या गाठीपुढे मात्र तिन्ही परंपरा हतबल होत्या.

त्या हतबलतेत नवीन औषधाची लाट येई. चीनहून आलेली चोपचिनी हे तेव्हाचे सर्वांत मोठे उदाहरण. मुख्यतः उपदंशावर म्हणून आलेले हे मूळ पाहता पाहता संधिवातापासून अनेक दुखण्यांवर दिले जाऊ लागले. सम्राट पाचव्या चार्ल्सने ते संधिवातावर घेतले आणि त्याचा वैद्य वेसालियस याने १५४६ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. ओर्ताच्या ग्रंथातही चोपचिनीवर संवाद आहे. आज एखादे फळ किंवा पाला कर्करोग बरा करतो असा संदेश मोबाइलवर फिरतो, तेव्हा त्यामागची आशा तीच असते.

ओर्ताच्या अखेरच्या वर्षांत काय घडले?

१५५४ च्या सुमारास पोर्तुगीजांनी मुंबईचे बेट ओर्ताला भाडेपट्ट्याने दिले. तिथे त्याने वाडी आणि बाग केली. वर्षातून दोनदा फळणाऱ्या तिथल्या आंब्याचे त्याला कौतुक होते. गोव्यातल्या घरीही त्याने औषधी झाडे लावली होती. लिस्बनमध्ये धर्मन्यायालयाच्या तडाख्यात सापडलेली आई आणि बहिणी १५४९ मध्ये गोव्याला त्याच्याकडे आल्या होत्या.

पण १५६० मध्ये गोव्यातही धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांपैकी कोण घरात जुना धर्म पाळतो, याचा शोध सुरू झाला. ओर्ता १५६८ मध्ये मरण पावला, तोवर त्याला हात लागला नव्हता. मृत्यूनंतर वर्षभरातच त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जाळण्यात आले. पुढे ओर्तावरही तोच ठपका ठेवला गेला. १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून काढून जाळण्यात आली.

ग्रंथ मात्र वाचला. ओर्ता जिवंत असतानाच त्याची एक प्रत युरोपात वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियस याच्या हाती पडली होती आणि १५६७ मध्ये त्याने लॅटिनमध्ये तिचा संक्षेप प्रसिद्ध केला. भारतातल्या औषधी वनस्पतींची माहिती युरोपभर पोहोचली ती मुख्यतः या संक्षेपातून. घरातला धर्म ज्याला आयुष्यभर लपवावा लागला, त्याने वैद्यकातली एकही गोष्ट लपवली नाही. यश, अपयश, शंका, दुसऱ्याकडून शिकलेले औषध, सगळे छापून ठेवले.

आज त्याच्या यादीतल्या द्रव्यांबद्दल काय कळले आहे?

ओर्ताने प्रश्न विचारले, पण त्यांची उत्तरे मिळवायला लागणारी साधने त्याच्याकडे नव्हती. आज ती आहेत. त्याच्या यादीतली सुपारी हे उत्तम उदाहरण. त्याच्या काळी ती सर्व थरांत पचनासाठी आणि मुखशुद्धीसाठी खाल्ली जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी माणसात कर्करोग निर्माण करते, असा निष्कर्ष या शतकाच्या सुरुवातीलाच काढला. तंबाखू नसली तरीही. नैसर्गिक आणि परंपरागत हे दोन शब्द सुरक्षिततेची हमी देत नाहीत, हे यापेक्षा स्पष्टपणे कशाने कळणार?

दुसरी बाजूही आहे. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधे मिळतात आणि ती रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर जगभर वापरली जातात. यू नावाच्या वृक्षापासून पॅक्लिटॅक्सेल मिळाले. सोमलापासून बनणारे आर्सेनिक ट्रायऑक्साइड रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगावर प्रभावी ठरले. पण ही औषधे शुद्ध करून, मात्रा मोजून, चाचण्या करून वापरात आली. सदाफुलीची पाने चावून तो परिणाम मिळत नाही. मिळते ती मोजमाप नसलेली विषाची मात्रा.

हळदीचेही तसेच. भाजीतली हळद रुग्णाने बंद करण्याचे कारण नाही. तिच्यातला कर्क्युमिन हा घटक एकवटून केलेल्या कॅप्सूलची गोष्ट वेगळी. मोठ्या मात्रेत तो रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करू शकतो आणि काही केमोथेरपी औषधांच्या कामात अडथळा आणू शकतो, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे.

पूरक आणि पर्यायी उपचारांत फरक काय?

मूळ उपचार चालू ठेवून त्याच्या जोडीला घेतला जातो तो पूरक उपचार. मूळ उपचार सोडून त्याच्या जागी घेतला जातो तो पर्यायी. हा फरक शब्दांपुरता नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये याविषयी दोन अभ्यास प्रसिद्ध केले. स्तन, फुप्फुस, मोठे आतडे आणि प्रोस्टेट यांचा कर्करोग असलेल्या, पण तो दूरच्या अवयवांत न पसरलेल्या रुग्णांपैकी ज्यांनी केवळ पर्यायी उपचार घेतले, त्यांच्या मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट होता.

दुसऱ्या अभ्यासातील निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. त्यातील रुग्णांनी रुग्णालयाचा उपचार सुरू केला होता आणि जोडीला पूरक उपचारही घेतले होते. तरीही त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला. कारण शोधले तेव्हा दिसले की यातले बरेच जण पुढची शस्त्रक्रिया, केमोथेरपी किंवा किरणोपचार नाकारत गेले होते. म्हणजे धोका मुख्यतः जोडीच्या उपचारातून आला नव्हता, तर त्याच्या भरवशावर मूळ उपचार अर्धवट सोडण्यातून आला होता.

जोडीला घ्यायचेच असेल तर कोणती काळजी घ्यावी?

शरीराला आराम देणाऱ्या आणि पोटात काही न जाणाऱ्या उपचारांचा धोका सर्वांत कमी असतो. हलकी योगासने, श्वसनाचे व्यायाम, ध्यान, संगीत, हलक्या हाताने केलेले मालीश यांनी थकवा, चिंता आणि झोपेच्या तक्रारी कमी व्हायला मदत होऊ शकते. त्यांनी गाठ विरघळत नाही; उपचार सोसायला बळ मिळते. मात्र गाठीवर दाब देऊन मालीश करू नये. हाडांत रोग पसरला असेल किंवा रक्तातील प्लेटलेट कमी असतील तर जोरकस मालीश आणि अवघड आसने टाळावीत.

पोटात जाणाऱ्या औषधांची गोष्ट वेगळी. केमोथेरपीची अनेक औषधे यकृतात बदलतात आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. त्याच मार्गाने जाणारे दुसरे द्रव्य आले की मूळ औषध रक्तात जास्त साचते किंवा लवकर निघून जाते. उदासीनतेवर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या युरोपीय वनस्पतीमुळे इरिनोटेकॅन या केमोथेरपी औषधाचा परिणाम घटतो, हे रुग्णांमध्ये सिद्ध झाले आहे. ग्रेपफ्रूट हे फळही काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण बदलते. गुळवेल आणि अश्वगंधा घेणाऱ्या काही जणांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. यकृतावर आधीच औषधांचा भार असलेल्या रुग्णाने त्या गांभीर्याने घ्यायला हव्यात.

भस्मांबाबत ओर्ताचा जुना प्रश्न विचारावा : पुडीत नेमके काय आहे? बोस्टन परिसरातील दुकानांत विकली जाणारी ७० आयुर्वेदिक उत्पादने २००४ मध्ये तपासली गेली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. सिस्प्लॅटिनसारखे औषध मूत्रपिंडांवर आधीच ताण आणते. त्यात ज्यावर घटक, मात्रा आणि उत्पादकाचे नाव नाही अशा पुडीची भर घालणे धोक्याचे आहे.

काही गोष्टी वेळेनुसार ठरतात. शस्त्रक्रियेपूर्वी वनस्पतिजन्य औषधे आणि पूरक गोळ्या सर्वसाधारणपणे दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात, कारण त्यांतल्या काहींमुळे रक्तस्राव वाढू शकतो. किरणोपचार सुरू असताना त्या जागेच्या त्वचेवर डॉक्टरांना न विचारता तेल किंवा लेप लावू नये. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्च्या पाल्याचे रस टाळावेत. केमोथेरपीच्या काळात जुलाब किंवा वमन घडवणारे शोधन उपचार आणि कडक उपास यांनी शरीरातील पाणी आणि वजन झपाट्याने घटते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सांगणे. घेत असलेले प्रत्येक औषध, काढा, चूर्ण डब्यासह कर्करोगतज्ज्ञांना दाखवावे. आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथिक वैद्यांनाही केमोथेरपीचा कागद दाखवावा. डॉक्टर रागावतील या भीतीने अनेक घरांत काढा लपवला जातो. मग यकृताच्या चाचण्या बिघडल्या की दोष केमोथेरपीला दिला जातो आणि चालू उपचाराची मात्रा विनाकारण कमी होते. डॉक्टरांनीही हा प्रश्न न रागावता, पहिल्याच भेटीत विचारायला हवा.

फसवणूक कशी ओळखावी?

कर्करोग हमखास बरा करू अशी जाहिरात करणे हाच भारतात गुन्हा आहे. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ मध्ये ज्या आजारांवरील उपचारांच्या जाहिरातीला बंदी आहे, त्यांत कर्करोगाचा समावेश आहे. तरी अशा जाहिराती दिसतात. औषधातले घटक सांगायला नकार, सगळ्या प्रकारच्या कर्करोगावर एकच औषध, बायोप्सी केली की रोग पसरतो असा प्रचार, केमोथेरपी ताबडतोब बंद करण्याची अट आणि आगाऊ मोठी रक्कम, यांपैकी एकही गोष्ट दिसली तरी तिथून परत फिरावे. जाणकार वैद्य रुग्णालयाचे कागद पाहायला मागतो आणि ते उपचार सोडायला सांगत नाही.

अहिल्यानगरमध्ये याचे महत्त्व काय?

ओर्ता ज्या शहरात हकीम आणि वैद्य यांच्याकडून शिकला, त्याच जिल्ह्यात आज दोन्ही प्रवाह घराजवळ आहेत. नगर शहरात गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय १९१७ पासून आहे. लोणीला प्रवरा परिसरात आधुनिक वैद्यकाचे महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. पुढच्या उपचारांसाठी पुणे, बार्शी किंवा मुंबईचे टाटा रुग्णालय गाठणारे रुग्णही इथे पुष्कळ. तपासण्या, एसटीचा प्रवास, मुक्काम यांत दमलेल्या कुटुंबाला गावातल्या ओळखीच्या माणसाचा काढा जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. त्या माणसाला शिव्या घालून प्रश्न सुटत नाही.

ओर्ताच्या काळी रुग्णाला एका वैद्याकडून दुसऱ्याकडे जाण्यावाचून इलाज नव्हता, कारण कोणाकडेच खात्रीचे औषध नव्हते. आज अनेक कर्करोग लवकर सापडल्यास बरे होतात. त्यामुळे क्रम महत्त्वाचा ठरतो : आधी निदान आणि सिद्ध झालेला उपचार, तो पूर्ण करणे, आणि त्याच्या जोडीला काय घ्यायचे ते दोन्हीकडच्या जाणकारांना दाखवून ठरवणे. रुग्णाच्या फाइलमध्ये एक साधा कागद ठेवावा. घेत असलेल्या सगळ्या औषधांची नावे, मात्रा, कोणी दिले आणि कधी सुरू केले, हे त्यावर लिहावे आणि प्रत्येक भेटीत तो डॉक्टरांसमोर ठेवावा.